सात वाव

१

थंडी पडली की होडी शेडमध्ये न्यायची, हे दरवर्षीचं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे आत्याने ठरवलेलं. आत्या बोलायची, बाबा मान डोलवायचे, आणि एवढं झालं की त्याला घरात 'सगळ्यांचं मत' म्हणायची पद्धत होती.

वाट सरळ होती. सकाळी आठला बंदरातून निघायचं. डाव्या हाताला किनारा. उजव्या हाताला, बरीच लांब, पाण्याखालून जेमतेम डोकं वर काढणारी खडकांची रांग. या दोन्हींच्या मधून पाचएक तास गेलं की नदीचं मुख येतं. दुपारच्या भरतीत तिथून आत शिरायचं आणि पत्र्याच्या शेडमध्ये होडी चार महिने झाकून ठेवायची. भरती चुकली तर रात्र उघड्या समुद्रात काढायची. ती वेळ आजवर कधी आली नव्हती, आणि त्याचं श्रेय आत्या स्वतःकडे ठेवून होती.

यंदा तिसरं माणूस म्हणून धाकटी होती. एरवी थोरली असायची, पण थोरली आता डॉक्टर झाली होती आणि तिला सुट्टी नव्हती. धाकटीला सुट्टीच सुट्टी होती. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून ती आठ महिने घरी बसली होती. निदान घरातले तरी त्याला बसणं म्हणत.

"हवा लागेल जरा अंगाला," बंदरावर आत्या म्हणाली. "डोकं ठिकाणावर येईल."

"ठिकाणावरच आहे. तुमच्या ठिकाणावर नाही, एवढंच."

"बघ, कशी बोलते!" आत्याने भावाकडे पाहिलं. भावाने डोलकाठीकडे पाहिलं. घरात भांडण झालं की भिंतीकडे बघायची त्यांना सवय होती, आणि होडीत भिंत नव्हती.

२

होडीत खोली मोजायचं यंत्र नव्हतं. शिसं होतं. नारळाच्या शेंडीएवढा लांबट, तीन किलोचा शिशाचा गोळा, त्याला पंचवीस वाव दोर. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. दोरावर खुणा होत्या: पाच वावांवर पांढरी चिंधी, सातवर लाल, दहावर चामड्याची पट्टी, पुढे गाठी. दहा-दहा मिनिटांनी शिसं पाण्यात सोडायचं, तळाला टेकलं की खूण बघायची, आणि मागे सुकाणूवर बसलेल्या आत्याने "किती?" विचारलं की आकडा ओरडायचा. नुसता आकडा. मत नाही, शंका नाही, 'मला वाटतं' नाही.

शिशाच्या बुडाला वाटीसारखी खोलगट जागा होती. तिच्यात ग्रीस भरायचं. तळाची वाळू, चिखल, शिंपल्याचा चुरा, जे असेल ते ग्रीसला चिकटून वर यायचं. खाली काय आहे ते बघून आपण कुठे आहोत ते आत्या ओळखायची. ते तिला खरंच यायचं. धाकटीला आत्याबद्दल जे काही चांगलं कबूल करायचं होतं, ते एवढंच.

"माझ्या फोनवर नकाशा आहे," धाकटी म्हणाली. तिने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. "आपण कुठे आहोत ते पावलापावलाला दाखवतो."

"तुझा फोन तळाची वाळू आणून दाखवतो?"

"नाही."

"मग ठेव आत."

बाबा हसले. मोठ्या बहिणीच्या विनोदाला हसणं हे त्यांचं एक कामच होतं, शीड सांभाळण्याच्या जोडीला.

साडेनऊला पाऊस सुरू झाला. जोराचा नाही, नुसतीच भुरभुर, पण अशी गार की कानाच्या पाळ्या दुखायला लागल्या. मग पाण्यावरून धुकं आलं. किनारा गेला, क्षितिज गेलं, आणि थोड्या वेळाने होडीच्या पुढच्या टोकावर बसलेल्या धाकटीला मागची आत्यासुद्धा नुसती पिवळा रेनकोट म्हणून दिसायला लागली. इंजिन बंदच ठेवलं होतं. त्याच्या आवाजात खडकांवर फुटणाऱ्या लाटा ऐकू येत नाहीत. शिडात वारा बेताचा होता. होडी शांतपणे चालली होती, आणि ऐकायला फक्त दोरांवरून टपटपणारं पाणी होतं.

"किती?"

"अठरा!"

"दाखव."

बाबा शिसं मागे घेऊन गेले. करडी वाळू, बारीक.

"बरोबर," आत्या म्हणाली. "मधोमध आहोत."

धाकटीने हळूच फोन पाहिला. फोनही तेच म्हणत होता. तिला राग आला.

पुढच्या खेपेला बावीस. पुन्हा करडी वाळू. त्याच्या पुढच्या खेपेला दोर तिच्या हातून सुटत गेला आणि मध्येच थांबला. पाण्याच्या रेघेवर लाल चिंधी होती.

"किती?"

धाकटीने दोर किंचित उचलून पुन्हा सोडला. शिसं पुन्हा तिथेच टेकलं.

"अगं, किती?"

"सात!"

शिसं वर आलं तेव्हा ग्रीस स्वच्छ होतं. वाळूचा कणसुद्धा नव्हता.

"खडक," बाबा पारखून म्हणाले. "कडक तळ असला की काही चिकटत नाही. ताई, आपण किनाऱ्याला फार लागलोय."

"भरतीच्या ओढीने आलो असणार," आत्या म्हणाली, आणि तिने होडी उजवीकडे, बाहेरच्या बाजूला काढली.

फोनवरचा निळा ठिपका मधोमध होता. तिथे नकाशावर पंचवीसच्या आसपास आकडे होते.

३

दहा मिनिटांनी सात. आणखी दहा मिनिटांनी सात.

होडी बाहेर चालली होती, पाणी खोल होत जायला हवं होतं. समुद्राचा तळ काही टेबल नाही, एका पातळीत असायला. धाकटी दोर धरून विचार करत होती. लाटेगणिक होडी हातभर वर-खाली होते, मग आकडा इतका नेमका कसा? लाल चिंधी दर वेळी पाण्याच्या रेघेवर, जणू कुणी बघून लावलेली.

चौथ्या खेपेला तिने डोळे मिटून नुसता दोर ऐकला. शिसं खाली गेलं. टेकलं. पण दगडावर टेकल्यावर जो टणक धक्का दोरातून वर येतो, तो आला नाही. शिसं थांबलं, एवढंच. मग जरासं वर झालं, जरासं खाली झालं. भाजीवाला हातात वांगं घेऊन वजनाचा अंदाज घेतो, तसं. आणि मग सुटलं.

मासा असेल. मोठा मासा शिशाला ढुसणी देऊ शकतो. ओहोटी-भरतीच्या ओढीत दोर थरथरू शकतो. हाताची बोटं गारठली की माणसाला काहीही जाणवू शकतं. ही सगळी कारणं तिने मनात ओळीने लावली, आणि सगळी ठीक होती.

तिने शिसं वर घेऊन उलटं केलं. ग्रीसच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता.

जरा तिरका, पण स्वच्छ. शाई लावून कागदावर उठवावा तसा. वर्तुळं मोजता आली असती.

आपलाच असणार, असं तिला वाटलं, आणि तिने हातांकडे पाहिलं. हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे होते. ते तिने आठ वाजता चढवले होते.

"बाबा, ग्रीस तुम्ही भरलंत?"

"हो. सकाळी."

"अंगठ्याने दाबलंत?"

"मग काय पायाने दाबू?"

"सकाळपासून इतक्या वेळा वर-खाली झालं. वाळू लागली, पुसली, तुम्ही परत सारखं केलंत. तो ठसा अजून कसा राहील?"

बाबांनी शिसं हातात घेऊन पाहिलं. त्यांच्याही हातात मोजे होते, त्यांच्या मापापेक्षा मोठे, कारण दुकानात बदलून मागायचा त्यांना संकोच वाटला होता. त्यांनी खिशातला चाकू काढला, ग्रीस सपाट केलं आणि शिसं तिला परत दिलं.

"झालं? कॉलेजात असतीस तर या वेळी काहीतरी वाचत बसली असतीस. रिकामं डोकं आहे तुझं."

"आत्याला सांगा, बाहेर जाऊ नको म्हणावं. फोनवर आपण खडकांकडे चाललोय."

"फोन चुकतो. शिसं चुकत नाही."

"खाली कुणीतरी आहे, बाबा."

हे तिने म्हणायचं ठरवलं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो आठ महिन्यांपूर्वी 'मी परत जाणार नाही' ऐकताना आला होता. राग नाही, दुःख तर नाहीच. पाहुण्यांपुढे पोराने काहीतरी सांडलं की येतो, तो.

"हे आत्यासमोर बोलू नकोस," ते हलक्या आवाजात म्हणाले.

पुढची खेप. धाकटीने श्वास धरून दोर सोडला. सात. वर घेतलं. सपाट केलेल्या ग्रीसवर अंगठा होता. या वेळी सरळ.

४

साडेअकराच्या सुमाराला खडक ऐकू आले.

आधी तिला वाटलं, लांबून एखादा ट्रक चाललाय. मग कळलं की हा आवाज पुढून येतोय, उजवीकडून, आणि थांबून थांबून येतोय. लाट चढते, थांबते, फुटते. फोनवर ठिपका काळ्या त्रिकोणांच्या रांगेला जवळजवळ चिकटला होता.

"आत्या! खडक!"

"किनाऱ्याचा आवाज आहे!" धुक्यातून उत्तर आलं. "धुक्यात आवाज फिरतो. किती ते सांग!"

तिने शिसं टाकलं. सात.

आता हे असं होतं. सात म्हटलं की आत्या आणखी उजवीकडे जाणार. तिच्या हिशेबी उथळ पाणी म्हणजे किनारा, आणि चाळीस वर्षं ते खरं ठरलं होतं. खडकांच्या अलीकडे मात्र पाणी एकदम खोल होतं, इतकं की दोर पुरत नाही. दोर पुरला नाही की 'तळ नाही' ओरडायचं, आणि ते ऐकलं की काहीही न विचारता सुकाणू डावीकडे वळवायचं, हा आत्याचा नियम होता. धाकटीचं म्हणणं ती ऐकणार नव्हती. आठ महिन्यांत घरात कुणीच ऐकलं नव्हतं. पण तिच्या तोंडून आलेला आकडा आत्याला ऐकावाच लागत होता.

"किती?"

लाल चिंधी पाण्याच्या रेघेवर होती. दोर हातात जिवंत होता. खाली कुणीतरी वाट बघत होतं, आणि मागेही.

"तळ नाही!" धाकटी ओरडली.

होडी अशी वळली की शीड फडाडलं आणि बाबा कठड्यावर आदळले. उजवीकडे धुक्यात पांढरं काहीतरी उठलं, घराएवढं, आणि बसलं. फेसाचा गार सपकारा तिघांच्या तोंडावर आला. काळा, ओला दगड क्षणभर इतका जवळ होता की त्यावरचे शिंपले वेगवेगळे दिसले. मग तो मागे गेला. आवाजही हळूहळू मागे गेला.

धाकटी मागे वळली. आता निदान एक चांगला शब्द तरी मिळेल, असं तिला वाटत होतं.

बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या पायाशी पाहिलं. दोराचं वेटोळं तसंच पडलं होतं, जाडजूड, सात वाव सोडून बाकीचं सगळं. तळ नसता तर ते संपलेलं असायला हवं होतं.

"ताई," ते म्हणाले, "हिने खोटं सांगितलं."

"वाचलात ना?" धाकटी किंचाळली. "माझ्या खोट्यामुळे जिवंत आहात दोघं! खडक होते की नाही तिथे?"

"होते," आत्या म्हणाली.

"मग?"

"शिसं टाकणाऱ्याने खोटं बोलायचं नसतं. एकदा बोललं की मागे बसलेल्याने कशाच्या भरवशावर चालवायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "दोर बाबाकडे दे. तू आत जाऊन बस."

खरं सांगून बुडाली असती, तर बहुधा शहाणी ठरली असती. धाकटीने दोर खाली टाकला आणि केबिनमध्ये गेली.

५

केबिन म्हणजे दोन फळ्या, एक दिवा आणि ओल्या लोकरीचा वास. डोक्यावर बाबांची पावलं. ती फळीवर पडून ऐकत राहिली.

"किती, रे?"

"वीस!"

"दाखव."

करडी वाळू असणार. पुढे सोळा. पुढे बारा. बाबांचा आवाज मोकळा झाला होता. सगळं पुन्हा जागेवर आलं की त्यांचा होतो तसा. आकडे फोनशी जुळत होते. तिने तपासलं, आणि फोन बंद पडला. बॅटरी गारठली होती. त्यात काही नव्हतं, थंडीत ते होतंच.

आपलं चुकलं का, असं तिला वाटायला लागलं. मासा, ओढ, गारठलेली बोटं. एक चुकार उंचवटा, नकाशात न दाखवलेला. ठशाचं मात्र काही करता येईना, म्हणून तिने त्याचा विचार बाजूला ठेवला.

एकच्या सुमाराला होडीचा डोल बदलला. समुद्राची मोठी लाट गेली, आखूड चुळबुळ आली. वारा मागून. म्हणजे वळून नदीच्या मुखात शिरलो. इथे भरतीलाही तीनच वाव पाणी असतं, हे आत्याने तिला पाच वर्षांची असताना पाठ करून घेतलं होतं.

"किती?"

वर दोर कठड्यावर घासला.

"अरे, किती?"

"सात," बाबा म्हणाले.

ओरडले नाहीत. शेजारच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले.

धाकटी उठून बसली. पुढचा "किती?" आला, त्याला उत्तरच आलं नाही. फळीवर काहीतरी घसटल्याचा आवाज झाला, आणि मग पावलं नाहीतच.

ती वर आली. धुकं इतकं दाट होतं की शिडाचं वरचं टोक दिसत नव्हतं. बाबा पुढच्या टोकाला पोटावर आडवे झाले होते. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

"बाबा?"

"ये," ते म्हणाले. आवाज अगदी साधा. "बघ ना. परत देतंय."

ती त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि कठड्यावरून वाकली. दोर खाली जात होता, आणि थोड्या अंतरावर पुन्हा वर येत होता. पाण्याखाली वीतभरावर शिसं दिसत होतं, बूड वर करून, ग्रीसचा गोल तिच्याकडे. ते बुडत नव्हतं. ते धरलेलं होतं. कशाने, ते पाणी गढूळ असल्यामुळे अर्धंच दिसलं. त्या अर्ध्यात बोटं होती, पण हात म्हणावा तर ती फार वरपर्यंत गेली होती. एखाद्याची पडलेली वस्तू उचलून अदबीने पुढे करावी, तसं ते धरलेलं होतं. आणि कुणी असं काही पुढे केलं की बाबांसारखा माणूस नको म्हणू शकत नाही. त्यांनी हात पुढे केला होता.

"सोडा ते, बाबा. हात बाहेर घ्या."

"अगं, मी कुठे धरलंय?" बाबा म्हणाले.

तिने दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरली आणि पाय कठड्याला लावून मागे ओढलं. खालून झटका आला नाही, जोर आला नाही. फक्त सुटेना. मग तो मोठा मोजा सुळकन निघाला, आणि दोघं मागे फळीवर पडले. बाबांचा उघडा हात पांढरा पडला होता. जखम नव्हती, ओरखडा नव्हता.

तिने त्यांच्या खिशातून चाकू काढला आणि दोर कापला. कापलेलं टोक कठड्यावरून आरामात सरकत गेलं. मोजा वर तरंगला नाही.

"किती?" मागून आत्याने विचारलं.

धाकटीने बाबांकडे पाहिलं. जन्मभर बहिणीसमोर खरं बोलणारा, मुलीचं खोटं तिथल्या तिथे पकडून देणारा माणूस. ते पडल्या जागी तिचं मनगट धरून होते, आणि त्यांचे दात वाजत होते.

"तळ नाही, ताई," ते ओरडले.

या मुखात तीनपेक्षा जास्त पाणी नसतं. आत्याला ते इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. धुक्यात पिवळा रेनकोट बराच वेळ हलला नाही.

"धाकटे," शेवटी आत्याने हाक मारली. "इकडे ये."

ती मागे गेली. आत्या सुकाणूच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. तिचा चेहरा धाकटीने आजवर पाहिला नव्हता इतका म्हातारा दिसत होता. आत्याने सरकून तिला जागा दिली, आणि तिचे हात धरून दांड्यावर ठेवले.

"चालवू मी?" धाकटीने विचारलं. इतक्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं तिला.

"नुसता हात ठेव," आत्या म्हणाली. "वळवायला जाऊ नकोस. खडक गेल्यापासून मी वळवत नाहीये."

मोठ्या माणसांपैकी कुणीतरी तिला पहिल्यांदाच, काही न शिकवता, नुसतं खरं सांगत होतं. धाकटीने दांडा घट्ट धरला. तो तिच्या हाताखाली सावकाश, अजिबात घाई न करता, सरकू लागला. आणि इतका वेळ पाठीवर असलेला वारा हळूच तिच्या गालावर आला.